दूध ठेवायचं, कमी करायचं की बदलायचं? समजुती तपासून ठरवण्याची पद्धत

दुधाबद्दल काहीही कानावर आलं, मग ते ‘दूध प्यायलं की हाडं मजबूत’ असो की ‘मोठ्या माणसाने दूध पिऊच नये’ असो, आधी एक प्रश्न विचारा: हे दुधातल्या नेमक्या कोणत्या घटकाबद्दल चाललंय? साखरेबद्दल, प्रथिनांबद्दल, स्निग्धांशाबद्दल की कॅल्शियमबद्दल? दूध, दही, पनीर, चीज, लोणी आणि तूप हे सगळे दुधाचेच प्रकार असले, तरी प्रत्येकात या घटकांचं प्रमाण अगदी वेगळं असतं. बहुतेक गैरसमज होतात ते हे घटक एकमेकांत मिसळल्यामुळे. दुधातल्या साखरेचा त्रास असलेला माणूस तूप सोडतो, आणि प्रथिनांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला कुणीतरी विश्वासाने लॅक्टोज-फ्री, म्हणजे फक्त दुधातली साखर फोडलेलं, दूध देतं. पहिल्या चुकीत फक्त जेवणाची चव जाते. दुसरी चूक जिवावर बेतू शकते.

म्हणून सुरुवात घटकांपासून करू.

पायरी १: कोणत्या पदार्थात काय उरतं ते समजून घ्या

गाईच्या १०० मिली दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. उरलेल्यात ४.७ ते ५ ग्रॅम लॅक्टोज (दुधातली नैसर्गिक साखर), ३.२ ते ३.५ ग्रॅम प्रथिनं, साडेतीन ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. म्हणजे २५० मिलीच्या एका ग्लासात अंदाजे १२ ग्रॅम लॅक्टोज, ८ ग्रॅम प्रथिनं आणि ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांचा सारखा उपयोग होणार आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जवळपास दुप्पट असतो, प्रथिनं आणि कॅल्शियमही जास्त असतं. लॅक्टोज मात्र जवळजवळ तेवढंच.

विरजण लावल्यावर जिवाणू काही लॅक्टोज वापरून त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. नीट लागलेल्या दह्यात साधारण २० ते ३० टक्के लॅक्टोज कमी झालेलं असतं. शिवाय दह्यातले जिवंत जिवाणू लॅक्टोज फोडणारं विकर (एन्झाइम), म्हणजे लॅक्टेज, स्वतःबरोबर घेऊन येतात आणि ते आतड्यात पोचल्यावरही काही काळ काम करतं. ज्याला दुधाने गॅस होतात त्याला दही चालतं, ते यामुळे. हा फायदा जिवंत जिवाणूंचा आहे. दही उकळलं किंवा भाजीत घालून शिजवलं की जिवाणू मरतात. प्रथिनं आणि कॅल्शियम तसंच राहतं.

पनीर करताना दूध आम्लाने फाडलं जातं. केसिन नावाचं मुख्य प्रथिन आणि स्निग्धांश एकत्र गोळा होतात, आणि बरंचसं लॅक्टोज निवळीबरोबर वाहून जातं. आम्लामुळे काही कॅल्शियमही निवळीत उतरतं. रेनेट नावाच्या विकराने गोठवलेल्या आणि महिनोन्‌महिने मुरवलेल्या कडक चीजमध्ये कॅल्शियम जास्त टिकतं (३० ग्रॅम चेडरमध्ये साधारण २०० मिलिग्रॅम) आणि लॅक्टोज जवळपास शून्यावर येतं. प्रक्रिया केलेल्या चीजच्या चकत्यांना मात्र हा नियम लावू नका. त्यांत पुन्हा दूध पावडर किंवा व्हे (निवळीची) पावडर घातलेली असू शकते. वेष्टनावरचा ‘साखर’ हा आकडा बघा. १०० ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर लॅक्टोजची काळजी नको.

लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि तुपात तो जवळजवळ संपूर्ण. तुपात कॅल्शियम आणि प्रथिनं जवळपास नाहीत, लॅक्टोजही नगण्य. त्यामुळे ‘तुपाने हाडांना बळ मिळतं’ ही समजूत आणि ‘दूध पचत नाही, मग तूपही नको’ हा सल्ला, दोन्ही एकाच कारणाने चुकीचे ठरतात.

पायरी २: त्रास असेल तर आधी त्याची जात ओळखा

दूध प्यायल्यावर होणारे त्रास मुख्यतः दोन प्रकारचे असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पहिला प्रकार अ‍ॅलर्जीचा. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांवर तुटून पडते. अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा डोळे सुजणं, उलट्या, घसा आवळणं, धाप लागणं ही लक्षणं काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत दिसतात आणि अगदी थोड्या दुधानेही येऊ शकतात. लहान मुलांमध्ये हे जास्त आढळतं. श्वासाला त्रास, आवाज बसणं किंवा चक्कर येऊन गळून जाणं असं काही दिसलं तर थेट तातडीच्या उपचारांसाठी न्या. अशा माणसाला ‘थोडं देऊन बघू’ हा प्रयोग घरी करायचा नाही. लॅक्टोज-फ्री दूध त्याला चालत नाही, कारण त्यात प्रथिनं पूर्ण असतात. शेळीचं दूधही चालत नाही. त्यातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांसारखीच असल्यामुळे बहुतेकांना त्याचीही अ‍ॅलर्जी येते. तुपात प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दुसरा प्रकार लॅक्टोज न पचण्याचा. लहानपणी आतड्यात भरपूर असणारं लॅक्टेज वयाबरोबर कमी होतं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये ते कमी झालेलं असतं, तेव्हा याला आजार म्हणण्याचं कारण नाही. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात, गॅस होतात; लॅक्टोज पाणीही ओढून घेतं, म्हणून जुलाब. पोट फुगणं, गुडगुडणं, कळा येणं हे साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांत, कधी थोडं उशिरा सुरू होतं. त्रासदायक आहे, पण धोकादायक नाही.

इथे सगळ्यात मोठा गैरसमज असा, की लॅक्टोज पचत नसेल तर दुधाचा थेंबही चालत नाही. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं. वर आलेला आकडा आठवा: १२ ग्रॅम म्हणजे एक ग्लास दूध. जेवणाबरोबर घेतलं तर आणखी सोपं जातं, कारण पोट हळू रिकामं होतं आणि उरलेल्या थोड्या लॅक्टेजला काम करायला वेळ मिळतो.

आपली मर्यादा किती, हे घरी असं तपासता येतं:

१. दोन आठवडे दूध, आइस्क्रीम, दुधाची मिठाई आणि दूध पावडर असलेले पदार्थ पूर्ण बंद ठेवा. तूप आणि मुरलेलं कडक चीज बंद करायची गरज नाही. रोज काय खाल्लं आणि पोट कसं होतं, ते एका ओळीत लिहून ठेवा.

२. दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर दोष लॅक्टोजचा नसण्याची शक्यता जास्त. इथेच थांबा आणि दुसरं कारण शोधा.

३. फरक पडला असेल तर जेवणाबरोबर ६० मिली साधं दूध घ्या. त्यात साधारण ३ ग्रॅम लॅक्टोज असतं. दोन दिवस हेच ठेवा. मग दोन दिवस १२० मिली, दोन दिवस १८० मिली, शेवटी २५० मिली.

४. ज्या टप्प्यावर त्रास सुरू होतो, त्याच्या अलीकडचा टप्पा ही तुमची मर्यादा.

हा प्रयोग फसतो तो साधारण दोन कारणांनी. एक, दूध चहा-कॉफीतून घेतलं जातं. कडक कॉफीने स्वतःच अनेकांचं पोट ढवळतं आणि नाव दुधाचं होतं. दोन, त्याच दिवसांत शुगर-फ्री च्युइंगगम किंवा गोळ्या चालू असतात. त्यांतलं सॉर्बिटॉल अगदी लॅक्टोजसारखाच गॅस आणि जुलाब करतं.

मनाचा खेळही मोठा असतो. ‘दुधाने मला होतंच’ अशी खात्री असलेल्यांसाठी एक चांगली तपासणी आहे. घरातल्या कुणाला तरी सांगून एक दिवस साधं आणि दोन-तीन दिवसांनी लॅक्टोज-फ्री दूध द्यायला लावा, कोणतं कधी ते तुम्हाला न सांगता. लॅक्टोज-फ्री दूध जरा गोड लागतं, कारण त्यात लॅक्टोज फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं. म्हणून दोन्हींत सारखीच कोको पावडर आणि साखर घालायची, म्हणजे चवीवरून ओळखता येत नाही. दोन्ही वेळा सारखाच त्रास झाला, तर लॅक्टोज निर्दोष आहे. खात्रीशीर उत्तर हवं असेल तर दवाखान्यात श्वासातला हायड्रोजन मोजण्याची तपासणी होते.

जुलाबाचा मोठा आजार होऊन गेल्यावर काही आठवडे दूध न पचणं हे नेहमीचंच आहे; आतड्याचं अस्तर भरून आलं की पचन परत येतं. पण वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागत असेल किंवा ताप असेल, तर दूध बंद करून वाट बघत बसू नका. डॉक्टरांकडे जा.

‘ए-टू’ दुधाबद्दलही इथेच सांगायला हवं. ए-वन आणि ए-टू ही बीटा-केसिन या प्रथिनाची दोन रूपं आहेत. त्यांच्यात एका जागचं एक अमिनो आम्ल वेगळं आहे. ए-वन पचताना बीसीएम-७ नावाचा तुकडा सुटतो आणि त्यातून मधुमेह, हृदयविकार होतात असा दावा केला जातो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा असा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असाच निष्कर्ष निघाला. काहींना ए-टू दुधाने पोट हलकं वाटतं, तसं वाटत असेल तर जरूर प्या. पण त्यात लॅक्टोज तेवढंच असतं आणि अ‍ॅलर्जी असलेल्याला ते तितकंच घातक असतं.

पायरी ३: रोजच्या समजुती एकेक करून तपासा

कच्चं दूध जास्त पौष्टिक. ही समजूत सगळ्यात आधी सोडा. कच्च्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया, साल्मोनेला, ई. कोलाय आणि गाईंमधल्या क्षयाचे जंतू माणसात येऊ शकतात. दूध स्वच्छ दिसतं, वासही चांगला येतो, तरी जंतू असतात. गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं यांच्यासाठी हा धोका फार मोठा आहे. उकळल्याने कॅल्शियमला काहीही होत नाही. प्रथिनांचा आकार बदलतो, पण ती पचतातच. बी-१ आणि बी-१२ सारखी काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, आणि दूध जितका वेळ आणि जितक्या वेळा उकळाल तितकी ती घट वाढते. सुटं दूध एकदा नीट उकळी येईपर्यंत, ढवळत तापवा, लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि पुढे लागेल तेवढंच काढून गरम करा.

पाश्चराइज्ड दूध ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. ते कारखान्यापासून घरापर्यंत सतत थंड राहिलं असेल, तर पुन्हा उकळण्याची गरज नसते. वाटेत पिशवी उन्हात राहिली असेल अशी शंका असेल, तर उकळलेलं बरं. खोक्यातलं यूएचटी दूध महिनोन्‌महिने टिकतं, म्हणून त्यात औषध घातलेलं असणार असं अनेकांना वाटतं. ते १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात बंद केलेलं असतं; टिकण्याचं कारण एवढंच. खोकं उघडलं की मात्र ते साध्या दुधासारखंच नासतं.

साय काढलेलं दूध म्हणजे पाणी घातलेलं दूध. नाही. यंत्रात फिरवून फक्त स्निग्धांश वेगळा काढतात. प्रथिनं आणि कॅल्शियम तेवढंच, किंबहुना किंचित जास्त राहतं. जातात ती स्निग्धांशाबरोबरची अ आणि ड जीवनसत्त्वं, म्हणून अनेक ठिकाणी ती नंतर परत मिसळली जातात. वेष्टनावर तसा उल्लेख आहे का ते बघा.

साईचं दूध हृदयाला वाईट, घरचं तूप मात्र चांगलं. इथे आकडे समोर ठेवावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेत संपृक्त मेदाचा (सॅच्युरेटेड फॅटचा) वाटा १० टक्क्यांच्या आत असावा. २००० किलोकॅलरीच्या आहारात ते सुमारे २२ ग्रॅम होतं. साईसकट दुधाच्या एका ग्लासातून साधारण ५ ग्रॅम संपृक्त मेद येतो. तुपाच्या एका मोठ्या चमच्यातून, म्हणजे १५ ग्रॅममधून, ९ ग्रॅमच्या आसपास. शिवाय दूध, दही आणि चीज यांचा हृदयविकाराशी संबंध अभ्यासांमध्ये बराचसा तटस्थ दिसतो. लोण्याने मात्र एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढतं हे स्पष्ट आहे. तूप घरी कढवल्याने त्यातला मेद बदलत नाही. चमचाभर तूप खायला हरकत नाही, पण ते औषध समजून वाटीने ओतू नये.

दुधाने कफ होतो. दूध आणि लाळ मिसळून काही क्षण तोंडात आणि घशात दाट थर जाणवतो, आणि तो कफ वाटतो. सर्दी झालेल्यांच्या नाकातला शेंबूड प्रत्यक्ष मोजूनही दूध पिणाऱ्यांमध्ये तो वाढलेला आढळला नाही. रात्री दही खाल्ल्याने निरोगी माणसाला खोकला होतो, यालाही पुरावा नाही. आजारी मुलाचं जेवण आधीच कमी झालेलं असतं. त्यात कफाच्या भीतीने दूध-दहीही बंद केलं, तर त्याच्या पोटात जायचं तेवढंही जात नाही. त्याला आवडत असेल तर द्या.

मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड येतं. कोड हा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने त्वचेतल्या रंगपेशी नष्ट केल्याने होणारा विकार आहे. खाण्याच्या जोडीशी त्याचा संबंध नाही. मासे खाऊन अंगाला खाज सुटली, लाली आली, तर अनेकदा कारण असतं नीट थंड न ठेवलेल्या माशात तयार झालेलं हिस्टामिन. तसंच, आंबट फळाबरोबर दूध प्यायलं तर पोटात दूध फाटतं, ही भीतीही सोडा. जठरातल्या आम्लाने दूध दरवेळी फाटतंच. पचनाची सुरुवातच तिथून होते.

आम्लपित्तावर थंड दूध. घोट घेतल्यावर आराम पडतो हे खरं, पण तो थोडा वेळच. दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. कधीतरी चालेल, रोज रात्री दूध पिऊन जळजळ दाबायची वेळ येत असेल, तर कारण शोधायला हवं.

मुतखडा असेल तर दूध बंद. या सल्ल्याने प्रत्यक्षात नुकसान होतं, म्हणून तो जरा नीट समजून घ्या. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. दूध-दही बंद केलं की मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात शोषलं जातं आणि मूत्रपिंडात पोचतं. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४५ हजारांहून अधिक पुरुषांवरच्या पाहणीत आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खड्यांचा धोका कमी आढळला होता. कॅल्शियमच्या गोळ्यांचं गणित वेगळं आहे, त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. मूत्रपिंड निकामी होत चाललं असेल, तर दुधातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम मोजावं लागतं. तिथेही स्वतःच्या मनाने काही ठरवू नका.

फळांच्या चवीचं दही म्हणजे फळ आणि दही. वेष्टन उलटून बघा. साध्या दह्यात १०० ग्रॅममागे ४ ते ५ ग्रॅम नैसर्गिक साखर असते. डब्यावर १३ ग्रॅम लिहिलं असेल, तर वरची ८-९ ग्रॅम बहुतेक बाहेरून आलेली. दीडशे ग्रॅमचा डबा संपवला की तीन चमचे साखर पोटात गेली. साधं दही घ्या आणि फळ स्वतः चिरून घाला.

पायरी ४: पर्याय निवडताना ‘दूध’ या नावावर जाऊ नका

सोया, ओट, बदाम, तांदूळ, नारळ यांची पेयं दुधासारखी पांढरी दिसतात, म्हणून ती पोषणातही सारखी असतील असं वाटतं. एका ग्लासातली प्रथिनं बघा. सोया पेयात ६ ते ८ ग्रॅम, म्हणजे दुधाच्या जवळपास. वाटाण्याच्या प्रथिनाचं पेयही बहुधा त्याच्या आसपास असतं. ओटमध्ये २ ते ३ ग्रॅम. बदाम, तांदूळ आणि नारळाच्या पेयांत एखादा ग्रॅम, किंवा तेवढंही नाही. बदामाच्या तयार पेयात अनेकदा जेमतेम २ ते ३ टक्के बदाम असतात. अख्ख्या ग्लासात पाच-सहा बदामच आले. ते वाईट आहे असं नाही, चहात घालायला छान आहे. पण वाढत्या मुलाच्या दुधाची जागा ते घेऊ शकत नाही.

खोकं हातात घेतलं की या क्रमाने वाचा:

प्रथिनं: रोजच्या दुधाऐवजी घेत असाल तर १०० मिलीत ३ ग्रॅमच्या आसपास हवीत.

कॅल्शियम: १०० मिलीत १२० मिलिग्रॅम किंवा जवळपास. आकडाच दिलेला नसेल, तर कॅल्शियम मिसळलेलं नाही असं धरा. ‘सेंद्रिय’ लिहिलेल्या काही पेयांत ते मिसळलेलं नसतं.

बी-१२, ड जीवनसत्त्व, आयोडीन: दुधाच्या एका ग्लासातून बी-१२ साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं आणि प्रौढांची रोजची गरज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम असते. वनस्पतिजन्य पेयात ते मिसळलं नसेल तर शून्य. मांस, मासे, अंडी न खाणारा माणूस दूधही सोडत असेल, तर बी-१२ ची सोय आधी करायची आणि मग दूध सोडायचं.

साखर: ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेल्या ओट पेयातही १०० मिलीत ३-४ ग्रॅम साखर दिसते. विकर घालून ओटमधलं पिष्ट (स्टार्च) फोडतात, तेव्हा ती आतच तयार होते. लेबल खोटं नसतं, पण मधुमेह असेल तर ही साखर हिशेबात धरा.

आणि एक छोटी गोष्ट, जिच्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही. मिसळलेलं कॅल्शियम बारीक पावडरीच्या रूपात असतं आणि खोक्याच्या तळाशी बसतं. न हलवता ओतत राहिलात, तर वरचे ग्लास कॅल्शियमशिवाय जातात आणि शेवटी पांढरा गाळ धुऊन टाकला जातो. प्रत्येक वेळी ओतण्याआधी खोकं दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा.

अ‍ॅलर्जीवाल्यांनी घटकांची यादी शेवटपर्यंत वाचायची. व्हे, केसिन, कॅसिनेट, दूध घनपदार्थ ही सगळी दुधाचीच नावं. कॉफीत दुधाऐवजी घालायच्या, ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या पावडरीतसुद्धा सोडियम कॅसिनेट असू शकतं.

सोयाबद्दल एक भीती खूप पसरली आहे: पुरुषांमधले हार्मोन बिघडतात. सोयात आयसोफ्लेव्होन असतात, त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखी आहे, पण नेहमीच्या प्रमाणात सोया खाल्ल्याने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटत नाही, हे अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलेलं आहे. दिवसाला एक-दोन ग्लास निःशंक घ्या.

वनस्पतिजन्य ‘चीज’ पिष्ट आणि खोबरेल तेलाचं असेल, तर त्यात प्रथिनं जवळपास नसतात आणि संपृक्त मेद भरपूर असतो. पनीरऐवजी टोफू (सोयाचं पनीर) घेताना कॅल्शियम सल्फेटने गोठवलेला निवडा; त्यातलं कॅल्शियम दुधातल्याइतकंच शोषलं जातं, साधारण ३० टक्के. पालकात कॅल्शियम दिसतं खूप, पण ऑक्झलेटमुळे त्यातलं जेमतेम ५ टक्के अंगी लागतं. ब्रोकोली आणि केल ही पालेभाजी यांच्यातलं निम्म्याच्या आसपास लागतं. तिळातलं साधारण पाचवा हिस्सा. प्रौढांची रोजची गरज वेगवेगळ्या देशांच्या शिफारशींत ७०० ते १००० मिलिग्रॅम आहे, तेव्हा दूध पूर्ण सोडलेल्याने हे आकडे एकदा कागदावर मांडून बघावेत.

पायरी ५: घरी सोया पेय करायचं असेल तर

१०० ग्रॅम सोयाबीन तिप्पट पाण्यात ८ ते १० तास भिजवा. दाणा बोटांनी दाबल्यावर दोन डाळिंब्या सरळ वेगळ्या झाल्या की भिजलं. पाणी फेकून द्या, चोळून सालं काढा. सगळं मिळून ९०० मिली पाणी घेऊन मिक्सरमध्ये दोन-तीन वेळा करून अगदी बारीक वाटा. कच्चट वास सोयामधल्या एका विकरामुळे येतो. खूप गरम पाण्यात वाटलं तर तो बराच कमी होतो. मात्र गरम पाणी घातलेलं भांडं निम्म्याच्या वर भरू नका आणि झाकण घट्ट बंद करू नका, वाफेने ते उडतं. फडक्यातून घट्ट पिळून गाळा.

आता उकळणं, आणि चूक इथेच होते. साधारण ८० अंशांवर दाट फेस झपाट्याने वर येतो. उकळी आली असं समजून लोक गॅस बंद करतात. ती उकळी नसते. कच्च्या सोयात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे घटक असतात. ते नीट नष्ट झाले नाहीत तर मळमळ, उलट्या, जुलाब होतात. मोठं भांडं घ्या, निम्मंच भरा, फेस आला की आच मंद करून ढवळत तो बसवा, आणि पेय खरोखर रटरटायला लागल्यावर पुढे १० ते १५ मिनिटं उकळू द्या. तळाला लागतं, म्हणून चमचा थांबवू नका.

प्रथिनं १०० मिलीत ३ ग्रॅमच्या जवळपास मिळतात. कॅल्शियम मात्र फारसं नसतं, आणि बी-१२ अजिबात नाही. कॅल्शियमची गोळी कुटून त्यात ढवळू नका. ती तळाशी बसते आणि किती पोटात गेली ते कळत नाही. फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा. कॉफीत घालताना ते फुटतं, कारण कॉफी आंबट आणि कढत असते. आधी पेय कोमट करून घ्या आणि कॉफी त्यात हळूहळू ओता.

पायरी ६: लहान मुलं आणि औषधं

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. ते शक्य नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं फॉर्म्युला. गाई-म्हशीचं दूध हे मुख्य पेय म्हणून एक वर्षाआधी देऊ नये, असं बहुतेक बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यात लोह फार कमी असतं, आणि त्यातली प्रथिनं आणि खनिजं बाळाच्या मूत्रपिंडाला जड जातात. वनस्पतिजन्य पेयं तर तान्ह्या बाळाला फॉर्म्युलाऐवजी कधीच नाहीत. एक ते दोन वर्षांपर्यंत साईसकट दूध द्या. ‘जितकं जास्त दूध तितकं चांगलं’ हे मात्र इथे उलटं फिरतं: दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध पिणाऱ्या मुलाचं पोट दुधानेच भरतं, जेवण मागे पडतं, आणि कॅल्शियममुळे लोहही कमी शोषलं जातं. गुबगुबीत पण फिकट दिसणाऱ्या, सतत बाटली मागणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन जरूर तपासून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांना तांदळाचं पेय दुधाऐवजी नको, तांदळात आर्सेनिक उतरण्याचा प्रश्न असतो.

औषधांच्या बाबतीत घड्याळ बघायचं. थायरॉईडची लेव्होथायरॉक्सिन गोळी उपाशीपोटी फक्त पाण्याबरोबर घ्या. ती आणि दूध, कॅल्शियम मिसळलेली पेयं किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. सोयानेही या गोळीचं शोषण घटतं, म्हणून सोया पेय रोज सुरू करणार असाल तर डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं दुधातल्या कॅल्शियमला चिकटून बसतात आणि निम्मीशिम्मी वाया जातात. ती दुधाच्या निदान दोन तास आधी घ्या. नंतर घ्यायची असतील तर किती थांबायचं ते औषधाच्या कागदावर बघा किंवा विचारून घ्या. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा दुधाच्या चहाबरोबर घेऊ नये. ती पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्या, आणि दूध दोन तासांनी.